‘मिश्र माध्यम’ एवढं लिहून भागत नाही: सार्वजनिक संग्रहातली कोलाजं सांभाळताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका प्रादेशिक सार्वजनिक कलासंग्रहाचं काम नव्याने तुमच्याकडे आलंय. त्यात साठेक कोलाजं, म्हणजे कागद-कात्रणांचे तुकडे चिकटवून केलेली चित्रं, आणि मिश्र माध्यमातल्या कलाकृती आहेत आणि नोंदवहीत सगळ्यांपुढे एकच शेरा आहे, ‘मिश्र माध्यम, कागदावर’. काहींचे तुकडे सुटलेत, वर्तमानपत्राची कात्रणं तपकिरी पडलीत. कुठल्या चित्राचे ते कळत नाही असे सुटे तुकडे एका खोक्यात भरून ठेवलेत. पुढच्या वर्षी या कलाकृतींचं प्रदर्शनही करायचं घाटतंय. तेव्हा सुटलेलं परत चिकटवू का, फ्रेमा बदलू का, छायाचित्रं इंटरनेटवर टाकू का आणि त्या खोक्याचं काय करू, असं तुम्ही विचारलंय.

आधी गोंदाची बाटली कपाटात ठेवा आणि किल्ली दुसऱ्या कुणाकडे द्या. चेष्टा करत नाही. काळाने जेवढी कोलाजं बिघडवली, त्याहून जास्त मी चांगल्या हेतूने केलेल्या दुरुस्तीने बिघडलेली पाहिली आहेत. तैलचित्राचा एखादा पोपडा सुटला तर तो कुठे बसायचा हे बहुधा उघड असतं. कोलाजमध्ये तुकडा कुठे आहे, किती वाकडा आहे, कशावर चढलाय, कशाखाली दबलाय, एवढंच काय तर किती चिकटवलाय, हीच चित्रकाराची रेघ असते. एखादी कड मुद्दाम सुटी ठेवलेली असू शकते. ती दाबून चिकटवली की दुसऱ्याच्या ओळीवर आपण पेन फिरवला असं समजा.

हे मी स्वतः केलंय. कागदाच्या जतनाचं काम करायला लागून फार दिवस झाले नव्हते. एका कोलाजच्या काचेच्या आत, खालच्या कडेला, प्रवासाचं एक वापरलेलं तिकीट पडलेलं होतं. चित्राच्या वरच्या कोपऱ्यात जवळजवळ तेवढ्याच मापाचा एक चौकोन होता, तिथला खालचा कागद आजूबाजूपेक्षा गडद, म्हणजे त्यावर आधी काहीतरी झाकण होतं हे नक्की. मापं घेतली, बऱ्यापैकी जुळली. गव्हाच्या खळीचं बोट फिरवलं आणि तिकीट तिथे बसवून टाकलं. मोठं कोडं सोडवल्याच्या थाटात अहवालही लिहिला. काही महिन्यांनी चित्रकाराच्या घरून एक जुनं कृष्णधवल छायाचित्र आलं. त्यात वरच्या चौकोनावर दुसराच कुठला तरी कागद होता, तो कधीच हरवलेला. आणि तिकीट खालच्या बाजूला, पुठ्ठ्याला पाडलेल्या बारीक खाचेत नुसतं खोचलेलं होतं, जेमतेम अर्धं बाहेर डोकावणारं. ती खाच मला दिसली होती. मी तिची नोंद ‘चीर, यांत्रिक इजा’ अशी केली होती. खळ होती म्हणून तिकीट ओलाव्याने सोडवता आलं, एवढंच काय ते नशीब.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी नाव, मग नकाशा, मग प्रश्न, आणि हात लावायचाच असेल तर सगळ्यात शेवटी.

नावापासून सुरुवात करू, कारण तुमच्या साठ कलाकृतींचं निम्मं काम तिथेच आहे. ‘मिश्र माध्यम’ हा शेरा म्हणजे केसपेपरवर नुसतं ‘आजारी’ लिहिण्यासारखा आहे. खोटं काही नाही, पण उपयोगही नाही. त्याऐवजी नोंद अशी दिसायला हवी: ‘जाड राखाडी पुठ्ठा, त्यावर पांढऱ्या इमल्शन रंगाचा हात, वर्तमानपत्राची तीन कात्रणं, दोन कापलेली, एक फाडलेलं, रंगीत मासिकाचं अर्धं पान, तागाचा दोरा, दोन तुकडे, पितळी बटण, दोऱ्याने शिवलेलं, काळी शाई, मेणाचे खडू, गोंद किमान दोन प्रकारचे.’ हे लिहायला एका कलाकृतीला तास-दीड तास लागतो. लागू द्या. यातली प्रत्येक वस्तू वेगळ्या वेगाने म्हातारी होते आणि प्रत्येकीचा शत्रू वेगळा असतो.

शिवाय हे नुसतं जतनाचं काम नाही, चित्र वाचण्याचंही आहे. पिकासोने १९१२ साली वेताच्या खुर्चीचं जे प्रसिद्ध स्थिरचित्र केलं, त्यातली वेताची वीण रंगवलेली नाही. तो वेताचं चित्र छापलेला ऑइलक्लॉथ, म्हणजे मेणकापड आहे, जसाच्या तसा चिकटवलेला, आणि चौकटीच्या जागी चित्राभोवती खराखुरा दोरखंड आहे. त्याच वर्षी त्याचा चित्रकार सहकारी ब्राक याने लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद कापून आपल्या चित्रात वापरला. खोटं लाकूड, खोटा वेत आणि खरा दोर, सगळी गंमत या उलटापालटीत आहे. नोंदवहीत कुणी ‘तैलरंग व इतर’ लिहून ठेवलं असतं तर गंमत तिथेच मेली असती.

कात्रणांवरचा मजकूरही उतरवून घ्या, तुटलेल्या शब्दांसकट. जर्मन कोलाजकार कुर्ट श्विटर्सच्या सगळ्या कामाला ‘मेर्त्स’ हे नाव मिळालं ते एका बँकेच्या जाहिरातीतून कापलेल्या ‘कोमेर्त्स’ या शब्दाच्या तुकड्यामुळे. तुमच्या संग्रहातल्या कुठल्या तुकड्यात काय दडलंय ते आज सांगता येत नाही. मजकूर उतरवलेला असेल तर कात्रणाची तारीख सापडते, तारखेवरून चित्राचा काळ ठरतो, आणि निदान ‘हे चित्र या तारखेच्या आधीचं असूच शकत नाही’ एवढं तरी छातीठोकपणे म्हणता येतं.

या बाबतीत माझी आवडती व्यक्ती मेरी डिलेनी. सत्तरी ओलांडल्यावर, १७७०च्या दशकात, तिने रंगीत कागदाचे बारीक तुकडे काळ्या पार्श्वभूमीवर चिकटवून फुलझाडं करायला घेतली. जवळजवळ हजार केली, आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आणि मागच्या बाजूला ती स्वतःच लिहून ठेवायची: झाडाचं नाव, तारीख, जागा, ते झाड कुणी दिलं. अडीचशे वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या बाईने एकटीने केलेल्या या नोंदींपुढे आपल्या संगणकीय नोंदी पाहिल्या की मला अजून लाजल्यासारखं होतं.

आता प्रत्यक्ष पाहायचं कसं. खोलीत अंधार करा. कलाकृती फ्रेमबाहेर, टेबलावर सपाट ठेवा आणि एक साधी बॅटरी टेबलाच्या पातळीवर, अगदी आडवी धरा. प्रकाश पृष्ठभागाला घासून गेला पाहिजे. जे समोरून सपाट दिसत होतं त्याचा एकदम डोंगराळ मुलूख होतो. कुठली कड उचललीय, कुठे गोंदाचे गोळे राहिलेत, कुठे आत हवेचा फुगा आहे, सगळं सावलीने कळतं. मग भिंग घेऊन कडा पाहा. फाडलेल्या कागदाला पांढऱ्या तंतूंचा ओठ असतो. तो ओठ आपल्या बाजूला आहे की पलीकडे, यावरून कागद कुठल्या दिशेला फाडला तेही समजतं. कात्रीने कापलेली कड लांब असेल तर कात्री पुन्हा उघडून चालवली तिथे बारीक पायरी येते. ब्लेडने कापलं असेल आणि तेही जागेवरच, तर खालच्या कागदावर त्याचा ओरखडा सापडतो. असा ओरखडा म्हणजे चित्रकाराने चिकटवल्यावर बेत बदलल्याचा पुरावा असतो. टाचण्यांची भोकंही मोजा. फ्रेंच चित्रकार मातीसने रंगवलेले कागद कापून आधी भिंतीवर टाचले होते, पुन्हा पुन्हा सरकवले होते. त्या भोकांतून त्याचा विचार कसा फिरला ते आज वाचता येतं. कुणी ‘भोकं बुजवू का’ असं विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे.

हातमोज्यांचा एक समज मोडून टाका. सुती हातमोजे कोलाजच्या सुट्या कडांत अडकतात आणि बोटांचा अंदाजही जातो. स्वच्छ धुतलेले, कोरडे हात बरे. धातू किंवा छायाचित्रं असतील तिथे मात्र नायट्राइलचे मोजे घाला.

मागची बाजू विसरू नका. बाण, खोडलेली शीर्षकं, जुन्या प्रदर्शनांच्या चिठ्ठ्या, ‘वर’ असं पेन्सिलीने लिहिलेलं, हे सगळं छायाचित्रात यायला हवं. मी प्रत्येक कलाकृतीची चार छायाचित्रं घेतो: समोरून, मागून, आडव्या प्रकाशात डावीकडून, आडव्या प्रकाशात वरून. समोरच्या छायाचित्राची मोठी छापील प्रत काढून तिच्यावर पारदर्शक फिल्म ठेवायची आणि सुटलेल्या कडा, डाग, सुरकुत्या यांचा नकाशा त्या फिल्मवर रंगीत पेनांनी काढायचा. दोन वर्षांनी तीच फिल्म पुन्हा वर ठेवली की काय पुढे सरकलंय ते क्षणात दिसतं. शब्दांत लिहिलेलं ‘किंचित उचललेली कड’ दोन माणसं दोन तऱ्हांनी वाचतात.

गोंदाकडे येतो, कारण खरी दुखणी तिथलीच. चित्रकार चित्राचा विचार करतो, त्या रात्री हाताशी जे असेल त्याने चिकटवतो. आपल्याला त्याचे हप्ते नंतर फेडायचे असतात. खळ म्हणजे पिठाची चिकी, ही त्यातली सगळ्यात सभ्य: ओलावा दिला की सुटते, कागदाला डाग देत नाही. पण तिचा वास कसरीला लागतो. कोलाजच्या कडा कुरतडलेल्या आणि मधला भाग धड दिसला तर आधी खळीचा संशय घ्या. सुतारकामाचा पांढरा गोंद, म्हणजे पीव्हीए, वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही. त्याचे काही प्रकार वर्षानुवर्षं अॅसिटिक आम्लाची वाफ सोडत राहतात, ती शेजारच्या धातूला चढते. रबराचं सोल्युशन हा तर गोड बोलून गळा कापणारा. लावायला सोपं, जास्तीचं बोटाने चोळून काढता येतं, म्हणून जाहिरातीच्या आणि मांडणीच्या कामातल्या लोकांचं लाडकं. पंधरा-वीस वर्षांत ते तपकिरी होतं, डाग कागदाच्या आरपार जातो, आणि मग त्याची चिकट संपून तुकडा खाली पडतो. म्हणजे तुकडाही गेला आणि त्याच्या जागी डाग कायमचा.

चिकटपट्टीच्या तीन अवस्था असतात आणि तुमच्या साठांत तिन्ही सापडतील. पहिलीत ती नुसती चिकटलेली असते, अजून सहज निघते. दुसरीत तिचा गोंद पातळ होऊन कागदात झिरपतो, कागद तेलकट, पारदर्शक, पिवळा होतो आणि कडेने धूळ धरतो. तिसरीत वरची फिल्म पापडीसारखी कोरडी होऊन गळून पडते आणि खाली गोंदाचा तांबूस, कडक पट्टा राहतो. पहिल्या अवस्थेतली पट्टी तज्ज्ञाकडे लवकर पोचली तर कागद वाचतो. तिसरीतल्या डागाची घाई नसते, जे व्हायचं ते होऊन गेलंय. म्हणून तुमच्या यादीत प्राधान्य दुसरीला आणि पहिलीला द्या. लोक नेमकं उलट करतात, कारण तिसरी डोळ्यांना सगळ्यात वाईट दिसते. पण आधी एक विचारा: ही पट्टी कुणी लावली? नंतरच्या कुणा दुरुस्ती करणाऱ्याने लावली असेल तर ती काढायची. चित्रकाराने लावली असेल तर ती चित्राचा भाग आहे, मग ती कितीही कुरूप होवो.

तपकिरी पडलेल्या वर्तमानपत्राचं काय? वर्तमानपत्राचा कागद लाकूड दळून केलेल्या लगद्याचा असतो. त्यात लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं द्रव्य, तसंच राहतं आणि प्रकाश आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, आम्ल वाढतं, तंतू तुटतात. हे आम्ल शेजारीही सरकतं. कात्रण उचललं की खालच्या चांगल्या कागदावर त्याची तपकिरी सावली दिसते ती यामुळेच. डिलेनीबाईंची फुलं टिकली त्यामागे हेही एक कारण आहे की तिच्या काळी कागद चिंध्यांचा असे. दळलेल्या लाकडाचा कागद एकोणिसाव्या शतकात आला. सुटा कागद असता तर पाण्याने धुऊन, क्षारयुक्त द्रावणात बुडवून त्याचं आम्ल कमी करता येतं. कोलाजमध्ये त्याच्याच अंगाला लागून फेल्ट पेनची रेघ असते, जी पाण्याच्या एका थेंबाने जांभळी नदी होऊन वाहते. तेव्हा धुणं, ब्लीच, बाजारातले आम्ल घालवणारे फवारे, यातलं काहीही स्वतः करू नका. आणि आम्लता तपासायचं ते पेन कलाकृतीवर तर अजिबात चालवू नका, त्याचा डाग जात नाही.

पिवळेपणा थांबवता येत नाही, त्याची गती कमी करता येते. तो पिवळेपणा वाईटच आहे का, हाही प्रश्नच आहे. पिकासो, ब्राक आणि त्यांच्या क्युबिस्ट साथीदारांची कात्रणं आज सगळ्या संग्रहालयांत बदामी झालेली आहेत. ती कुणी पांढरी करत नाही. उलट बाजूचं एक उदाहरण सांगतो, कारण अशा निर्णयांत सरसकट नियम चालत नाही. मातीसने १९५२ साली आपल्या जेवणाच्या खोलीच्या भिंतींभोवती निळ्या आकृत्यांचा पोहण्याचा तलाव केला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे तो १९७५ मध्ये आला. निळ्या आकृत्यांमागे पांढऱ्या कागदाचा पट्टा होता आणि हे सगळं गोणपाटावर बसवलेलं होतं. पुढे गोणपाट इतकं गडद पडलं की निळा, पांढरा आणि फिकट पिवळसर यांच्यातलं नातंच बिघडलं. अखेर तिथल्या संवर्धकांनी काही वर्षं खपून आकृत्या जुन्या गोणपाटावरून सोडवल्या आणि नव्यावर बसवल्या, २०१४ मध्ये ते काम पुन्हा लोकांसमोर आलं. आता यात मूळ साहित्य बदललं, हे खरंच. पण मातीसने त्या खोलीत जो रंगांचा मेळ साधला होता तो परत आणायचा की ते गोणपाट जपायचं, यातलं एकच शक्य होतं. मला त्यांचा निर्णय पटतो. माझे एक ज्येष्ठ सहकारी शेवटपर्यंत त्यावर भांडत राहिले.

म्हणूनच चित्रकार हयात असेल तर या महिन्यातच त्याला गाठा. बोलणं रेकॉर्ड करा आणि प्रश्न चित्राला समोर ठेवूनच विचारा. ‘तुमची भूमिका काय’ असं विचारलं तर भाषण मिळतं. ‘हे कोपऱ्यातलं कात्रण असं तपकिरी झालेलं चालेल का, की त्या दिवशीसारखं पांढरं हवं?’ असं विचारलं की तो थांबतो, विचार करतो, आणि खरं बोलतो. गोंद कुठला वापरलात, ही कड सुटीच होती का, हे बटण हरवलं तर दुसरं लावू का, फ्रेम तुमची की संग्रहाची, एवढं तर विचाराच. उत्तर सोयीचं नसलं तरी शब्दशः लिहून ठेवा. एका चित्रकाराने मला ‘पडू दे की सगळं’ असं सांगितलं होतं. ते मी तसंच नोंदवलं. पुढच्या पाच ओळींत संग्रहाने ते का मानलं नाही तेही लिहिलं.

फ्रेमांबद्दल. कोलाज सपाट नसतं, हे फ्रेम करणाऱ्याला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. काच कुठल्याही तुकड्याला टेकता कामा नये. आतून कडेला पट्टी लावून काच आणि सगळ्यात उंच तुकडा यांच्यात मोकळी जागा सोडा. अॅक्रिलिकची शीट हलकी आणि न फुटणारी असते, पण तिला पुसलं की स्थिर वीज येते आणि सुटे कागद, खडूची पूड, पिसं तिच्याकडे ओढली जातात. अशा कामांना स्थिर वीज न धरणारी शीट किंवा खरी काच घ्या. मागे साधा राखाडी पुठ्ठा असेल तर तो काढून आम्लविरहित पुठ्ठा घाला. बऱ्याच वेळा पन्नास वर्षांत घडवलेलं नुकसान चित्रातल्या वर्तमानपत्रापेक्षा या मागच्या पुठ्ठ्याचंच असतं. चित्रात छायाचित्रं असतील तर आयएसओ १८९१६ या प्रमाणानुसार, म्हणजे छायाचित्रांना अपाय करत नाही ना हे पाहून, तपासलेलं साहित्य मागा. आणि नवी पेटी, नवा शोकेस, त्यातलं कापड यांची ऑडी चाचणी करून घ्या. ब्रिटिश म्युझियममधल्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये ही युक्ती काढली: चांदी, तांबं आणि शिसं यांच्या छोट्या पट्ट्या त्या साहित्याच्या नमुन्यासोबत दमट बरणीत बंद करून ६० अंश सेल्सियसला २८ दिवस ठेवायच्या. पट्ट्या काळ्या पडल्या किंवा पांढरी भुकटी आली तर ते साहित्य कलाकृतीजवळ नको. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) आणि ताजा रंग यांच्यावर मी चाचणीशिवाय कधी विश्वास ठेवत नाही.

अॅक्रिलिक रंग असलेल्या कामांना फुग्यांचं प्लास्टिक थेट गुंडाळू नका. खोलीच्या तापमानालाही तो रंग किंचित मऊ राहतो, फुग्यांची नक्षी कायमची उमटते.

हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिली तर उत्तम. स्थिर हा शब्द महत्त्वाचा. कागद दमटपणात फुगतो, त्यातही तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त. चांदीचा वर्ख किंवा पत्र्याचा तुकडा जागचा हलत नाही. एकाच पुठ्ठ्यावर फुगणारा आणि न फुगणारा शेजारी चिकटवलेत, तर रोजच्या चढउतारात त्यांची जी ओढाताण होते तीच शेवटी सांधा सोडवते. पिसं, लोकर, कातडं असेल तर कीड पाहा. संग्रहालयांत कीड मारायला वस्तू उणे ३० अंशांत तीन दिवस किंवा उणे २० मध्ये आठवडाभर ठेवतात, पण मेण, काच, जाड रंग एकत्र असलेल्या कलाकृतीला ते झेपेलच असं नाही. तिथे बंद पाकिटातला प्राणवायू काढून घेण्याचा मार्ग सुरक्षित.

पिसांवरून एक कायद्याची गोष्ट आठवली. अमेरिकन कलाकार रॉबर्ट राउशेनबर्गच्या १९५९ सालच्या ‘कॅन्यन’ या कलाकृतीत पेंढा भरलेला बाल्ड ईगल आहे. अमेरिकेत त्या पक्ष्याची खरेदी-विक्री कायद्याने बंद, म्हणून वारसांच्या मूल्यमापकांनी त्या चित्राची किंमत शून्य लावली. कर खात्याने लावली साडेसहा कोटी डॉलर. ते भांडण २०१२ मध्ये कलाकृती म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टला भेट देऊन मिटलं. तुमच्याकडे गरुड नसेल, पण शंख, हस्तिदंत, कासवाचं कवच यांचा तुकडा चालून येतो. तो सापडला तर नोंदीत ठळक लिहा. दुसऱ्या देशात उसना पाठवताना याच एका ओळीवर सगळं अडतं.

इंटरनेटवर टाकण्याआधी लक्षात घ्या, कोलाजमध्ये हक्कही थरांचे असतात. चित्रकाराचा हक्क एक, त्याने कापलेल्या छायाचित्राच्या मालकाचा वेगळा असू शकतो. नियम देशागणिक बदलतात. तुम्ही मजकूर उतरवून ठेवला असेल तर ते छायाचित्र कुठल्या मासिकातलं ते शोधता येईल. वकिलाला विचारायला तेवढं पुरतं.

प्रदर्शन करा, जरूर करा. फक्त प्रकाशाचा हिशेब आधी मांडा. ५० लक्समध्ये (लक्स हे उजेड मोजायचं एकक) रोज ८ तास, ९० दिवस ठेवलं तर ३६,००० लक्स-तास झाले. तोच प्रकाश १५० लक्स केला तर तेवढाच खर्च ३० दिवसांत होतो. आणि हा खर्च परत मिळत नाही, विश्रांती दिली म्हणून कागद पुन्हा पांढरा होत नाही. वर्तमानपत्र, फेल्ट पेन, रंगीत छायाचित्रं असलेली कामं तीन महिन्यांनी उतरवा आणि जागी दुसरी लावा. साठ आहेत तर आलटूनपालटून लावण्याची चैन तुम्हाला परवडते. रंगीत छायाचित्रांचे रंग अंधारातही उडतात, त्यांना थंड कोठार द्यावं लागतं.

प्रादेशिक संग्रह म्हणून हे सगळं आपल्या आवाक्याबाहेरचं आहे असं वाटलं तर श्विटर्सचं शेवटचं मोठं काम आठवा. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या एल्टरवॉटर इथे एका दगडी कोठाराच्या भिंतीवर, १९४७ साली, त्याने प्लास्टर, दगड आणि सापडलेल्या वस्तू बसवून ते सुरू केलं आणि जानेवारी १९४८ मध्ये तो गेला. ती अख्खी भिंत १९६५ मध्ये उचलून न्यूकॅसलच्या हॅटन गॅलरीत नेली. त्याचं हॅनोव्हरचं घर, त्यातल्या सगळ्या मेर्त्स रचनेसकट, १९४३च्या बॉम्बवर्षावात संपलं होतं. राजधानीतल्या एखाद्या बड्या संस्थेने नव्हे, तर एका प्रादेशिक विद्यापीठाच्या गॅलरीने ही भिंत राखली.

राहिलं ते खोकं. त्यातलं काहीही फेकू नका, झाडून ‘साफ’ही करू नका. प्रत्येक तुकडा पॉलिएस्टरच्या वेगळ्या पारदर्शक पाकिटात, प्रत्येकाला तात्पुरता क्रमांक, आणि सोबत चिठ्ठी: कुठे सापडला, कुठल्या तारखेला, खोक्यात वर होता की तळाशी, शेजारी काय होतं. मग दोन्ही बाजूंची छायाचित्रं. मागच्या बाजूकडे जास्त लक्ष द्या. तिथे गोंदाचा जो ठसा आहे, ब्रशचे फटकारे, बोटाचं वर्तुळ, वगळलेला कोपरा, तो ज्या कागदावरून तुकडा सुटला त्या कागदावरच्या ठशाचा आरसा असतो. संगणकावर छायाचित्र उलटं करून एकेका कलाकृतीवरच्या रिकाम्या जागेशी लावून पाहा. आकार जुळला एवढ्यावर जाऊ नका, माझ्या तिकिटाची गोष्ट आठवा. आकार, गोंदाचा ठसा आणि तुकड्याखाली झाकला गेल्याने न उडालेला रंग, तिन्ही जुळले तरच नोंदीत ‘बहुधा’ लिहा, आणि चिकटवायचं काम कागदाच्या संवर्धकाकडे सोपवा.

काही तुकडे कशाशीच जुळणार नाहीत. ते तसेच क्रमांकासह ठेवा. माझ्याकडच्या एका लिफाफ्यात एक पितळी बटण आहे, चार भोकांचं, त्यातल्या दोनच भोकांत लाल दोरा अडकलेला. त्याला क्रमांक देऊन सोळा वर्षं झाली. दरवर्षी फेरतपासणीला मी ते बाहेर काढतो, चार-दोन चित्रांशी लावून पाहतो आणि परत ठेवतो.